टाकलेले दोन राजे

“पॅक,” असे म्हणून गुरुजींनी आपली तीन पाने सतरंजीवर ठेवली. ठेवली ती उताणी.

बदामचा राजा, किलवरचा राजा आणि चौकटची पंजी.

बाळगोंडा पाटलांनी तोंडाकडे नेलेली चकली वाटेतच थांबली. डॉक्टर दिनकररावांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. गुरुजी मात्र शांत मुद्रेने आणि हरणाऱ्याला शोभणाऱ्या विनयाने म्हणाले,

“काही अर्थ नव्हता पानांत.”

पाने आपण पालथी ठेवली आहेत, अशी त्यांची समजूत होती. डॉक्टरांनी हलकेच हात पुढे करून दोन्ही राजे उलटे केले आणि गड्डीत सरकवले. आत स्वयंपाकघरात काकूंच्या झाऱ्याचा आवाज तेवढा चालू होता.

धुंडिराजशास्त्री खांबेटे हे माझे गुरुजी. कुरुंदवाडच्या ज्या पाठशाळेत मी त्यांच्या पायाशी बसून व्याकरण आणि न्याय शिकलो, त्याच पाठशाळेच्या मागे नदीच्या अंगाला त्यांचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. पुढे मी सांगलीला शाळेत संस्कृतचा शिक्षक झालो, तरी दिवाळीच्या पाडव्याला पहाटेच्या गाडीने कुरुंदवाडला येण्याचा नेम मी कधी चुकवला नाही. त्या दिवसाला शास्त्राने द्यूतप्रतिपदा म्हटले आहे. वर्षभर निषिद्ध असलेले द्यूत त्या एका सकाळी नुसते क्षम्य नव्हे, तर विहित आहे. त्या दिवशी जो जिंकेल त्याला ते वर्ष अनुकूल आणि जो हरेल त्याला प्रतिकूल, असे वचन आहे, आणि वचनावर गुरुजींची श्रद्धा अशी होती की इतरांची सूर्योदयावरही नसेल. त्यांच्या वडिलांच्या काळी घरात कवड्या खेळत. शेजारच्या बाळगोंडांना कवड्या येत नसत, म्हणून गुरुजींच्या काळी तीन पानी आली. पैशाला मात्र स्पर्श नव्हता. पणाला लागत त्या सुपाऱ्या.

खेळ सोपा. डावाआधी प्रत्येकाची एक सुपारी मधे आणि प्रत्येकाला तीन पाने. पाळी आली की एक तर सुपाऱ्या पुढे सारून चाल करायची, नाही तर ‘पॅक’ म्हणून पाने टाकायची आणि डावातून बाहेर व्हायचे. पाने न बघताच खेळणारा तो ब्लाइंड, त्याला निम्म्या सुपाऱ्यांत चाल मिळते. दोघेच उरले की एकाने सुपाऱ्या मोजून ‘शो’ मागायचा आणि पाने उघडायची. औक्षणाची वेळ होईल तेव्हा ज्याच्यापुढे सर्वांत मोठा ढीग, त्याचे वर्ष.

मोठ्या पानांवर गुरुजी जितके सावध, तितके मधल्या पानांवर धीट. चांगली पाने कोणीही खेळतो आणि वाईट कोणीही टाकतो, त्यात विवेक कसला, असे ते म्हणत. नुसता एक राजा किंवा एखादी क्षुद्र जोडी हाती आली, म्हणजे टाकवत नाही आणि खेळवत नाही अशी पाने आली, की त्यांच्या चेहऱ्यावर कठीण पंक्तीचा अर्थ लागल्यावर येई तसे तेज येई, आणि ते चाल करत. अशा पानांवर त्यांनी आम्हांला कितीदा लुटले असेल याची गणती नाही.

तेच गुरुजी आज दोन राजे टाकत होते.

या पाडव्याला नुसत्या सुपाऱ्या पणाला नव्हत्या. गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांचे सख्खे भाचे दिनकरराव मिरजेला नेत्रवैद्य होते. दोन वर्षे ते मामांच्या मागे लागले होते की शस्त्रक्रिया करून घ्या. त्या काळी ती आजच्यासारखी सोपी नव्हती. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कित्येक दिवस उताणे पडून राहावे लागे. खोकायचे नाही, शिंकायचे नाही, हसायचेही नाही. शेवटी दसऱ्याला सोने द्यायला आलेल्या भाच्याला गुरुजींनी शब्द दिला होता : “पाडव्याचं द्यूत जिंकलो, तर वर्ष अनुकूल. मी मिरजेला येतो. हरलो, तर वर्षभर डोळ्यांचं नाव काढायचं नाही.”

डॉक्टर म्हणाले होते, “वर्षभर थांबलात तर डोळ्यांतच नाव काढण्यासारखं काही राहणार नाही, मामा.”

“शब्द म्हणजे शब्द,” गुरुजी म्हणाले होते.

तेव्हा त्या सकाळी अभ्यंगस्नान आटोपून आम्ही तिघे परसातल्या पेरूखाली उभे राहिलो आणि कट केला. कट सरळ होता. गुरुजींना जिंकू द्यायचे.

“म्हंजे हरायचं?” बाळगोंडांनी विचारले. हे जैन शेतकरी गृहस्थ, गुरुजींचे शेजारी आणि जिवलग. तंबाखूच्या सौद्यात त्यांना कोणी हरवल्याचे शिरोळ तालुक्यात ऐकिवात नव्हते.

“हरायचं, पण उघड नाही,” डॉक्टर म्हणाले. “मामांना कपट कळलं तर सगळंच फिसकटेल. चांगली पानं आली तरी ती जरा कमीच आहेत असं समजायचं आणि पॅक करायचं. पॅक करणं हे काही कपट नव्हे. तो आपला अंदाज.”

“अंदाज,” बाळगोंडा खिन्नपणे म्हणाले. “मास्तर, शास्त्रात बसतंय न्हवं हे?”

मी म्हणालो, “अंदाज चुकण्याला शास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेलं नाही.”

खेळायला बसल्यावर गुरुजींनी प्रथेप्रमाणे देवाचे नाव घेतले आणि आम्हांला बजावले, “आज कपट नको. कपटाने जिंकलेलं द्यूत फळत नाही. आणि कपटाने हरलेलंही फळत नाही.” हे दुसरे वाक्य त्यांनी जरा थांबून उच्चारले. तेव्हा मला वाटले, त्यांना आमचा संशय आला. पण ते आमच्याविषयी नव्हे, स्वतःविषयी बोलत असावेत, हे दोन राजे उताणे पडेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

आमच्या कटातला दोष लवकरच उघड झाला. समोरचा जिंकायला तयार असेल तरच त्याच्यापुढे हरता येते. घरची रीत अशी की पहिली पाळी ज्येष्ठाची. गुरुजी पाने घेऊन उठत, दाराशी उजेडात जात, भिंग लावून एकेक पान नाकापर्यंत नेत, बराच वेळ उभे राहत, आणि परत येऊन बसताच म्हणत, “पॅक.” ते एकदा बाहेर पडले की मागे आम्ही तिघे, आणि तिघांनाही हरण्याची सवय लागलेली.

“पॅक,” बाळगोंडा म्हणत.

“पॅक,” डॉक्टर म्हणत.

मग मी एकटाच उरे आणि तोंड उघडण्यापूर्वीच सगळ्या सुपाऱ्या माझ्या होत. ज्याने लहानपणी झब्बूचा डावसुद्धा कधी जिंकला नाही, त्या माझ्यापुढे सुपाऱ्यांची रास वाढू लागली. पुढच्या डावांत मी चपळाई केली आणि डॉक्टरांच्या आधी पॅक म्हणालो, तेव्हा रास डॉक्टरांपुढे जाऊ लागली. एका डावात तर गुरुजी दारातून परत येत असतानाच आम्ही तिघांनी एका श्वासात ‘पॅक’ म्हटले.

गुरुजी उभ्या उभ्याच म्हणाले, “अरे, मला बसू तरी द्या! पहिली पाळी कोणाची?”

“तुमची, मामा.”

“मग तुमचं पॅक ग्राह्य नाही. माझं पॅक.”

“आता आमचं ग्राह्य का?” बाळगोंडांनी विचारले.

“आता ग्राह्य.”

“मग पॅक!”

हा डाव संपला तेव्हा कोणाच्याही पानांना कोणी चालीची एक सुपारीही लावली नव्हती. मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होते, आणि खाली घातल्यावर ते आले नाही. गुरुजींनी भिंग उपरण्याच्या टोकाने पुसले, उजेडाकडे धरले आणि पुन्हा पुसले.

मी पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेलो.

गुरुजींच्या पत्नी द्वारकाकाकू करंज्या तळत होत्या. तबकात निरांजन आणि अक्षता तयार होत्या. मी हळू आवाजात सांगितले, “काकू, गुरुजींनी जोडी पॅक केली. राजांची.”

काकूंचा झारा थांबला. “राजांची?”

“पानं उताणी ठेवली. आम्ही तिघांनी पाहिली. त्यांना कळलं नाही.”

त्यांनी कढईतली करंजी बाहेर काढली, निथळू दिली, चुलीतली लाकडे मागे ओढली, आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, “चल.”

“कुठे?”

“खेळायला.”

माझ्या आठवणीत काकू त्या सतरंजीवर कधी बसल्या नव्हत्या. पण स्वयंपाकघराची भिंत अर्धीच होती, आणि त्या भिंतीमागून त्यांनी तीन पानीचे कित्येक पाडवे ऐकले होते. त्या आल्या, गुरुजींच्या डाव्या हाताला बसल्या आणि म्हणाल्या,

“मला वाटा पानं.”

गुरुजी दचकले. “तू? अगं, औक्षणाची वेळ—”

“औक्षण मीच करायचंय ना? मग वेळ माझी. सकाळपासून नुसता पोरखेळ ऐकतेय आतून, पॅक, पॅक, पॅक. बेडकं तरी इतकी ओरडत नाहीत. सगळ्या सुपाऱ्या मधे ठेवा. मूठमूठभर हाताशी राहू देत चालीपुरत्या. एकच डाव होईल. जो घेईल, त्याचं वर्ष.”

“हे रीतीला धरून नाही,” गुरुजी म्हणाले.

“शास्त्रात सुपाऱ्यांचा हिशेब दिलाय?”

गुरुजींनी विचार केला. ते खोटे बोलणारे नव्हते. “नाही दिलेला.”

“मग ठेवा.”

सुपाऱ्या मधे आल्या. पाने डॉक्टरांनी वाटली. गुरुजी सवयीने दाराकडे उठू लागले, तोच काकूंनी दोन सुपाऱ्या पुढे टाकल्या. “माझी चाल. ब्लाइंड.”

“अगं, पहिली पाळी माझी असते.”

“आज पाडवा. आज आधी मी.”

काकूंच्या पलीकडे बाळगोंडा, मग आतून येऊन आता त्यांच्या शेजारी टेकलेला मी, मग डॉक्टर, आणि फिरून गुरुजी असा क्रम लागला. म्हणजे आता आम्हां तिघांना गुरुजींच्या आधी पॅक करता येणार होते. काकूंनी हे बसण्यापूर्वीच हेरले असावे.

बाळगोंडांनी पाने उचलली. मी त्यांच्या शेजारीच असल्यामुळे मला ती दिसली. एक्का. एक्का. एक्का. तीन पानीत याहून वर काही नाही. राजेरजवाडेही ज्यांची वाट पाहत म्हातारे होतात, ती ही पाने. बाळगोंडांचा चेहरा आधी उजळला, मग पांढरा पडला, मग त्याला कसलाच रंग राहिला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत जी याचना होती, ती मी नंतर एकदाच, परीक्षेच्या दालनातून बाहेर काढलेल्या एका विद्यार्थ्याच्या नजरेत पाहिली. मी नकारार्थी मान हलवली.

“पा...” बाळगोंडा म्हणाले आणि थांबले. घसा खाकरला. “शास्त्रीबुवा, एक इच्यारू? चांगली पानं टाकली तर पाप लागतंय का?”

“आपल्या मनाला माहीत असतं, पाटील,” गुरुजी अंधारात बोलावे तसे म्हणाले.

“मनाला लईच म्हाईत हाय,” बाळगोंडा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून पाने खाली ठेवली. “पॅक!”

मी पॅक केले. डॉक्टरांनी पॅक केले. आता सतरंजीवर दोघेच उरले.

गुरुजी दाराशी गेले. नदीवरून येणाऱ्या कोवळ्या उन्हात त्यांनी भिंग लावले आणि पाने पाहिली. एकेक पान त्यांनी दोनदा पाहिले. परत येऊन बसले. पाळी त्यांची होती. पॅक म्हणाले की काकू जिंकणार, गुरुजी हरणार, आणि वर्षभर डोळ्यांचे नाव निघणार नाही. डॉक्टरांनी श्वास रोखला होता. गुरुजींच्या ओठांची ‘प’साठी जुळवाजुळव झालेली मला स्पष्ट दिसली.

“दोन राजे आले होते तुम्हांला मघाशी,” काकू म्हणाल्या. “टाकलेत.”

गुरुजींचे ओठ तसेच राहिले. “कोण म्हणतं?”

“सगळ्यांनी बघितलं. उताणी ठेवलीत पानं.”

“उताणी?” ते माझ्याकडे वळले. म्हणजे मी जिथे असेन असे त्यांना वाटले, तिकडे वळले. तिथे तांब्या होता. “श्रीपादा, खरं?”

“होय, गुरुजी.”

“आणि तुम्ही कोणी बोललात नाही?”

“काय बोलायचं, बुवा?” बाळगोंडा म्हणाले. “दोन दोन राजं बसल्यालं. त्यांच्याम्होरं आमी कोन बोलनार!”

गुरुजींनी हातातली पाने चाचपली, जणू ती कोणत्या बाजूला आहेत हे बोटांनी कळणार होते.

“थोडं दिसतं गं अजून,” ते म्हणाले. काकूंशी बोलताना त्यांचा इतका लहान झालेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. “सकाळी पोथी खिडकीशी धरली की एकेक अक्षर लागतं. एका घटकेत एक ओळ होते. होते पण. दिनकरच्या हाती डोळा दिला आणि तेवढंही गेलं, तर मग मी काय करायचं दिवसभर?”

“मामा, माझा हात—” डॉक्टर म्हणाले.

“तू गप्प बस,” काकू म्हणाल्या. “थोडं दिसतं म्हणे! परवा निरांजन समजून कुंकवाचा करंडा पेटवायला निघाला होतात. धरला म्हणून वाचला.”

“अंधार होता.”

“आन् माझ्या म्हशीला काय म्हनालासा?” बाळगोंडा पुढे सरसावले. “दारात हुबी होती. तिला म्हनालासा, ‘या, बसा, बऱ्याच दिवसांनी येणं केलंत.’”

“पाटील, ती तुमची म्हैस होती?”

“मग कोन वाटलं तुमास्नी?”

गुरुजींनी हे सांगितले नाही. पण गावातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांशी त्यांनी तेव्हापासून अबोला का धरला होता, याचा उलगडा आम्हां सर्वांना एकदमच झाला. त्या गृहस्थांनी म्हणे शास्त्रीबुवांच्या आदरातिथ्याला साधे उत्तरसुद्धा दिले नव्हते. डॉक्टरांनी तोंडावर उपरणे धरले. खुद्द गुरुजींच्या मिशीखाली काहीतरी हलले आणि पुन्हा स्थिर झाले.

“पानं कशी आहेत?” काकूंनी विचारले.

“सांगायची नसतात.”

“कशी आहेत?”

“मधली,” गुरुजी म्हणाले. “टाकता येतील, कोणी नाव ठेवणार नाही. खेळता येतील, त्यालाही कोणी नाव ठेवणार नाही.” मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “सकाळपासून हेच करतोय मी. मनात भय, आणि बोट पानांकडे.”

“तू तरी पानं बघ तुझी,” जरा वेळाने ते काकूंना म्हणाले.

“कशाला? सकाळपासून बघून बघून तुम्ही काय दिवे लावलेत?” आणि त्यांनी आणखी दोन सुपाऱ्या पुढे सारल्या.

“अगं, पाळी माझी आहे! तू कशी चाल करतेस?”

“मग करा की तुम्ही काहीतरी! करंज्यांचं तेल निवतंय.”

बाहेर घाटावर कोणीतरी कपडे आपटत होते. तो आवाज मला आजही ऐकू येतो. गुरुजींनी हात पुढे केला, आपल्या मुठीतल्या सुपाऱ्या चाचपून मोजल्या आणि ढिगावर टाकल्या. सगळ्या टाकल्या. एक गडगडत माझ्या पायाशी आली, ती मी उचलून मधे ठेवली.

“शो,” गुरुजी म्हणाले.

डॉक्टरांचा रोखलेला श्वास असा सुटला की निरांजनही विझले असते. गुरुजींनी पाने उघडली. या खेपेला त्यांनी ती मुद्दाम उताणी आहेत ना, हे मला विचारून घेतले. बदामचा राजा, किलवरची नव्वी, इस्पिकची चौकी. मध्यम म्हणावीत तर इतकी नेमकी मध्यम पाने मी पुढे आयुष्यात पाहिली नाहीत.

“आता तुझी,” ते म्हणाले.

काकूंनी पहिले पान उलटले. दुर्री. बाळगोंडांच्या तोंडून ‘वाऽ’ निघाले. दुसरे पान उलटले. सत्ती. आता डॉक्टर गुडघ्यांवर उभे राहिले. राजा स्पष्ट वर होता. मिरज हाताशी आली होती. काकूंनी तिसरे पान उलटले.

दुर्री.

दुर्रीची जोडी. सगळ्या गड्डीत याहून दरिद्री जोडी नाही. पण जोडी ती जोडी. एकटा राजा, मग तो कितीही मोठ्या कुळातला असो, तिच्यापुढे उभा राहू शकत नाही.

काकू आपल्याच पानांकडे डोळे विस्फारून पाहत होत्या. “हे काय झालं गं बाई,” त्या म्हणाल्या. “ही दुसरी मेली कुठून आली? हे धरू नका. मी पॅक. मी पॅक म्हणते.”

“शो झाल्यावर पॅक नाही,” गुरुजी म्हणाले.

“मी बायकामाणूस, मला काय कळतं खेळातलं? धरू नका म्हणते ना!”

“काय आहे?” त्यांनी मला विचारले.

“दुर्रीची जोडी, गुरुजी.”

“म्हणजे मी हरलो.”

“होय.”

“निर्विवाद?”

“निर्विवाद.”

बाळगोंडा एकदम उसळले. “आन् माझं तीन एक्कं गेलं की रं वाया!” त्यांनी आपल्या टाकलेल्या पानांतून एक्के काढून सतरंजीवर एकामागून एक आपटले. “तीन! जल्मात पैल्यांदा आल्यालं! शास्त्रीबुवांसाठी टाकलं म्या ते, आन् बुवा हरलं दुर्रीला!”

गुरुजींना त्या आपटण्याचा आवाज आला. त्यांनी वाकून, अगदी नाक लागेल इतके जवळ जाऊन, ते तीन एक्के पाहिले. मग सरळ बसले. आमचा कट त्यांना तत्क्षणी कळला असणार. रागावतील म्हणून मी हात जोडून बसलो. पण ते रागावले नाहीत. ते विचार करत होते. कठीण पंक्ती पुढ्यात आली की करत तसा, डोळे मिटून, उजव्या हाताची बोटे मांडीवर हलकेच नाचवत. आम्ही वाट पाहिली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला होता.

“दिनकर,” गुरुजी म्हणाले, “या दिवशीचं पहिलं द्यूत कोणी खेळलं?”

डॉक्टरांना यातले काही ठाऊक नव्हते. “कोणी, मामा?”

“शंकर आणि पार्वती. जिंकलं कोण?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. “पार्वती,” मी म्हणालो.

“पार्वती. शंकर हरले. अगदी सर्वस्व हरले. मग ते वर्ष शंकरांना प्रतिकूल गेल्याचं कुठे वचन आहे? नाही. का नाही? कारण ती दोघं एका देहात राहतात. अर्ध्या देहाने जिंकलं, ते वर्ष त्या अर्ध्या देहाला अनुकूल. यात शंका आहे का, श्रीपादा?”

मी न्यायशास्त्र शिकलो होतो. त्या युक्तिवादात ज्या जागी बोट ठेवता आले असते, अशा निदान तीन जागा मला तेव्हाही दिसत होत्या. “नाही, गुरुजी,” मी म्हणालो. “सर्वथा नाही.”

“आणि पार्वती कोणत्या अंगाला?”

“डाव्या.”

“तर मग,” गुरुजींनी आपला डावा गाल डॉक्टरांच्या बाजूला केला, “हा डोळा घे. हा तुझ्या मामीचा आहे. तो जिंकला आहे. याला वर्ष अनुकूल आहे. उद्या भाऊबीज, तुझी आई वाट बघेल. परवा नेलंस तर चालेल?”

“चालेल,” डॉक्टर म्हणाले.

काकूंनी डोळ्यांवरचा पदर काढला, गुरुजींकडे पाहिले, आणि निरांजन लावायला उठल्या. बाळगोंडा मात्र अजून आपल्या एक्क्यांपाशीच होते. सौद्यातल्या माणसाला व्यवहार पुरता मिटलेला लागतो.

“थांबा, थांबा. वैनी जितल्या. तुमी म्हंजे वैनीच, म्हंजे तुमी बी जितला. मग बुवा, ह्यात हरलं कोन?”

“उजवा डोळा,” गुरुजी म्हणाले.

मिरजेला ते वाळूच्या पिशव्यांमध्ये पडले असताना बाळगोंडा भेटीला आले आणि त्यांनी खाटेशी बसून पुन्हा तीन एक्क्यांचे दुःख सांगायला सुरुवात केली. तेव्हा रुग्णाने हसू नये म्हणून डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढले. डाव्या डोळ्याने गुरुजी त्यानंतर अनेक वर्षे वाचत होते, खिडकीपासून दूर बसून, ओळीमागून ओळ. उजव्या डोळ्याला त्यांनी त्याचे अनुकूल वर्ष आल्याखेरीज हात लावू दिला नाही. दर पाडव्याला तो पणाला लागे, आणि दर पाडव्याला काकूच जिंकत.